एमएच आणि पुढची दोन अक्षरं : प्रकल्प नोंदी

५ एप्रिल २०२५

काय करायचं आहे ते आधी लिहून ठेवते, नाहीतर दर आठवड्याला ते बदलत जाईल.

पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरची इंग्रजी अक्षरं घ्यायची आणि ती त्याच क्रमाने ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. मधे दुसरी कितीही अक्षरं आली तरी चालतं, क्रम मात्र मोडायचा नाही. शब्द जितका लांब तितके गुण जास्त. 'एमएच १२ टीसी' दिसली तर 'मॅथेमॅटिशियन' : पहिला एम, चौथ्या जागेवरचा एच, आठव्या जागेवरचा टी, दहाव्यावर सी. तेरा अक्षरं, तेरा गुण.

खेळ मनूचा आणि अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे सासरे. नोकरीभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आता साताऱ्याला असतात, पुण्याला येणं-जाणं चालू असतं. मनू सातवीत. कात्रजचा बोगदा संपला की दोघांची सुरुवात होते आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत भांडण पेटलेलं असतं : असा शब्द आहे की नाही? निकाल माझ्याकडे मागतात. मला हा निकाल फोनने द्यायला हवा आहे, तोही नेट नसताना, कारण खंबाटकीत रेंजचा भरवसा नाही.

गणित सोपं आहे. महाराष्ट्राच्या प्लेटवर एम आणि एच ठरलेले. मग आरटीओचा अंक, मग मालिकेची अक्षरं, मग चार आकडे. मालिकेत आय आणि ओ वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होतो म्हणून. उरली २४ अक्षरं, म्हणजे दोन अक्षरांच्या ५७६ जोड्या. जुन्या गाड्यांवर एकच अक्षर असतं, त्या सध्या सोडून दिल्या. एकदाच ५७६ खणांचा तक्ता भरून ठेवला की फोनला शोधायचं काही उरतच नाही, फक्त खण उघडून दाखवायचा.

६ एप्रिल

शब्द कुठून आणायचे? मॅकवर एक यादी आधीच पडलेली असते, टर्मिनल वापरणाऱ्यांना माहीत असेल. तिचं मूळ १९३४ सालचा वेबस्टरचा मोठा कोश, दुसरी आवृत्ती. सोबतच्या टिपणात लिहिलंय की २,३४,९३६ शब्द आहेत आणि १९३४चा स्वामित्वहक्क आता उरलेला नाही. फुकट, भरपूर आणि घरातच. मोठ्या अक्षराने सुरू होणारी विशेषनामं तेवढी गाळली.

पहिला शोध 'ग्रेप' या टर्मिनलमधल्या शोधाच्या आज्ञेने केला. मागायचं ते असं : एम, मग काहीही, मग एच, मग काहीही, मग टी, मग काहीही, मग सी. हे हत्यार केन थॉम्पसनने १९७३च्या सुमारास बेल लॅब्समध्ये लिहिलं. नाव त्याच्या जुन्या एडिटरमधल्या आज्ञेवरून आलंय : सगळीकडे शोध, नमुना जुळला तर ओळ छाप. पन्नास वर्षं उलटली तरी माझ्या कामाला ते पुरतं. एका जोडीसाठी शोध लावला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत शब्दांचा ढीग पडतो.

लांबीने लावून पाहिलं. या यादीत सगळ्यात लांब शब्द चोवीस अक्षरांचे, आणि ते पाच आहेत : पॅथॉलॉजिकोसायकॉलॉजिकल, सायंटिफिकोफिलॉसॉफिकल, टेट्राआयोडोफिनॉल्फ्थॅलीन, थायरोपॅराथायरॉइडेक्टमाइझ आणि फॉर्माल्डिहाइडसल्फॉक्सिलेट. नावं वाचूनच दमायला होतं. पण आमच्या कामाचा यातला एकच. पहिल्या तिघांत एम नाहीच. चौथ्यात एम आहे, पण शेवटाकडे, त्याच्यानंतर एच येत नाही. पाचव्यात मात्र 'फॉर्म'मधला एम, मग 'हाइड'चा एच, आणि त्याच्यापुढे वाय-डी-ई-एस-यू-एल-पी-एच-ओ-एक्स-वाय-एल-ए-टी-ई अशी लांबलचक शेपटी. एलएक्स, डीएक्स, पीवाय, एसटी, काहीही मागा.

कापडाच्या छपाईत रंगलेल्या कापडावरचा रंग नेमक्या जागी उडवायला या कुळातलं रसायन वापरतात. म्हणजे शब्द निव्वळ कोशातला नाही, कामाचा आहे. तरी गाडीत कोण म्हणणार तो?

९ एप्रिल

आज काम बाजूला ठेवून एक गंमत तपासत बसले.

इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द कोणता, असं विचारलं की शाळेतली मुलं जे शब्द फेकतात ते सगळे एमएचला लावून पाहिले.

पंचेचाळीस अक्षरांचा तो फुप्फुसाच्या आजाराचा, न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. सिलिकाची बारीक धूळ छातीत जाऊन होणारा रोग. पंचेचाळीस अक्षरं, पण त्यात एच एकही नाही! मोजून पाहिलं तर वेगवेगळी अक्षरं चौदाच निघाली. बी, डी, एफ, जी, एच, जे, के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड या बाराजणांना आत प्रवेशच नाही. ओ आणि सी मात्र पुन्हा पुन्हा. हा शब्द डॉक्टरांनी केलेला नाही. अमेरिकेतल्या कोडीवाल्यांच्या संघटनेचे, नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली केवळ लांबीसाठी तो जुळवला. छापून आला, लोकांच्या तोंडी बसला आणि पुढे ऑक्सफर्डच्या कोशात गेला.

एकोणतीस अक्षरांचा फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, म्हणजे एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं. यात एच आहे, एम नाही. ई सुद्धा नाही, हे जाता जाता.

अठ्ठावीस अक्षरांचा अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. यात दोन्ही आहेत, पण 'लिशमेंट'मध्ये आधी एच आणि लगेच त्याच्या पाठीला एम. पुढे शेवटच्या एमपर्यंत पुन्हा एच येत नाही. उलटा क्रम. बाद.

तीस अक्षरांचा स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम : एम अगदी शेवटचं अक्षर. बाद. डीडीटीचं पूर्ण नाव डायक्लोरोडायफिनाइलट्रायक्लोरोइथेन, एकतीस अक्षरं, एच भरपूर आणि एमचा पत्ता नाही. बाद.

हा निव्वळ योगायोग नसावा, असं वाटून थोडा वेळ शेपट्या आणि तोंडं चाळली. इंग्रजीतल्या लांब शब्दांत एम बहुतेक वेळा शेवटी येतो, 'इझम' आणि 'मेंट' हे दोन प्रत्यय त्याला ओढून नेतात. एच पुढच्या अंगाला असतो, कारण ग्रीकमधून आलेले थर्मो, केमो, होमो, हायपो हे तुकडे शब्दाच्या आरंभी लागतात. थर्मो, केमो, होमो या तिघांत एच आधी, एम नंतर. म्हणजे आपल्या राज्याची अक्षरं इंग्रजी शब्दाच्या प्रवाहाविरुद्ध पोहतात. एमनंतर एच हवा असेल तर भिस्त मोजक्याच तोंडांवर : मेकॅनिक, मेथड, मॅथेमॅटिक्स, मॉर्फॉलॉजी यांची घराणी, आणि 'मिस' लागून झालेले मिसबिहेव, मिसहँडल, मिसअ‍ॅप्रिहेन्शन. यांच्या जिवावर पाचशे शहात्तर खण भरायचे आहेत.

मनूला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न : "मग केरळची प्लेट बरी का?"

१३ एप्रिल

तक्ता भरायची पद्धत ठरली.

आधी डोक्यात वेगळा विचार होता : सव्वीस अक्षरांना सव्वीस बिट, प्रत्येक शब्दाचा एक आकडा करायचा. शब्दात अक्षर असेल तर त्या जागी एक, नाहीतर शून्य. मग हवी ती अक्षरं शब्दात आहेत का, हे दोन आकडे ताडणाऱ्या एका 'अँड' क्रियेत कळतं. क्रमाची अट नसती तर हेच केलं असतं. पण बिटला क्रम कळत नाही, केएल आणि एलके त्याला एकच, म्हणून ५७६ जोड्यांच्या ३०० होतात. दोनदा आलेलं अक्षरही कळत नाही. डीडी असलेल्या प्लेटला एक डी असलेला शब्दही चालून जाईल. एमएच १२ एचएम अशी प्लेट आली तर आणखी पंचाईत. हा आमचा सैल नियम. लहान मुलांसाठी ठेवता येईल.

कडक नियमासाठी शब्द एकदाच डावीकडून वाचायचा. पहिला एम भेटला की थांबायचं, त्यानंतरचा पहिला एच भेटला की पुन्हा थांबायचं, आणि पुढे जे उरेल ती शेपटी. त्या शेपटीत जी दोन अक्षरं मागेपुढे येतात, त्या प्रत्येक जोडीच्या खणात हा शब्द उमेदवार. पहिलाच एम आणि पहिलाच एच का, तर नंतरचे घेतले तर शेपटी आखूड होईल. पहिले घेतले की सगळ्यात लांब शेपटी हाती राहते आणि एकही जोडी सुटत नाही. एका शब्दाला एक फेरी. संपूर्ण यादी चहा उकळायच्या आत होते. स्क्रिप्ट म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या तीस-चाळीस ओळी, त्यातही निम्म्या फाइल उघडण्या-लिहिण्याच्या.

१९ एप्रिल

अण्णा आलेत. तक्ता दाखवला. चष्मा पुसून त्यांनी पहिला खण वाचला, दुसरा वाचला, आणि म्हणाले, "हे बघ, हे शब्द नाहीत, ही गोदामातली अडगळ आहे."

मी म्हटलं, "अण्णा, वेबस्टरच्या कोशातले आहेत सगळे."

"कोशातलं सगळंच खरं असतं असं नाही," म्हणाले आणि त्यांनी 'डॉर्ड'ची गोष्ट काढली. ही मला ठाऊक नव्हती. याच १९३४च्या आवृत्तीत 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला गेला, अर्थ दिला होता घनता. मुळात ती एक चिठ्ठी होती : मोठा डी किंवा छोटा डी, घनतेसाठी वापरायचं संक्षेपाक्षर. 'डी ऑर डी'. चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यातून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, मधली जागा बुजली आणि शब्द जन्माला आला. १९३९ साली संपादकाच्या लक्षात आलं की याची व्युत्पत्तीच कुठे दिलेली नाही. तोवर तो पाच वर्षं कोशात सुखाने नांदत होता.

मग अण्णांनी नियम घातला : शब्द सांगणाऱ्याने तो वाक्यात वापरून दाखवायचा.

मनू क्षणभरही थांबली नाही. "आय डोन्ट नो द मीनिंग ऑफ फॉर्माल्डिहाइडसल्फॉक्सिलेट. झालं वाक्य."

अण्णा हसून हसून खोकायला लागले. नियम दुरुस्त झाला : वाक्य असं हवं की ऐकणाऱ्याला शब्दाचा अर्थ त्यातूनच कळावा. तासभर नियमांवर काथ्याकूट चालली, पण मला ही दुरुस्ती पटली. मी आठवडाभर 'सगळ्यात लांब' या अटीमागे धावतेय, आणि त्या अटीचा स्वभावच असा की यादी जितकी मोठी तितकी उत्तरं निरुपयोगी. थोडेसे राक्षस सगळे खण बळकावून बसतात. फॉर्माल्डिहाइडवाला एकटाच कितीतरी खणांत पहिला आहे. पाटी कोणतीही असो, उत्तर तेच. यात खेळ कुठे उरला?

२२ एप्रिल

यादी बदलली.

'एनेबल' नावाची शब्दखेळांसाठी जमवलेली यादी आहे, सर्वांना वापरायला खुली. शब्द एक लाख त्र्याहत्तर हजारांच्या आसपास. आकड्याने वेबस्टरपेक्षा कमी, पण जास्त उपयोगी. कारण वेबस्टरच्या यादीत मूळ रूपंच प्रामुख्याने आहेत, इथे भूतकाळ, अनेकवचनं, 'इंग' लागलेली रूपं सगळी सुटी दिलेली. खेळताना माणूस 'मिसहँडल्ड' म्हणतो, आणि त्याने डीडीचा खण भरतो. वेबस्टरच्या यादीवर राहिलं तर तो हाताबाहेर जातो.

लांबीला वरची मर्यादा पंधरा अक्षरांची. ही मी ठरवली नाही, आल्फ्रेड बट्सने ठरवली म्हणायला हरकत नाही. मंदीच्या काळात नोकरी गेलेला हा वास्तुविशारद वर्तमानपत्रांची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला आणि त्यावरून त्याने स्क्रॅबलच्या सोंगट्यांचे गुण ठरवले. पट पंधरा गुणिले पंधरा, म्हणून सोळा अक्षरी शब्द पटावर मावतच नाही. अण्णांकडे जुना पट आहे, त्यामुळे या मर्यादेवर वाद झाला नाही.

पंधराच्या आत आल्यावर उत्तरांचा चेहराच बदलला. मिसअ‍ॅप्रिहेन्शन : बरोबर पंधरा. मॅथेमॅटायझेशन : पंधरा, आणि झेडचे खण तो भरतो, झेडटी, झेडएन, टीझेड. माउथवॉटरिंगली : पंधरा, 'तोंडाला पाणी सुटेल असं', आणि त्याच्या शेपटीत डब्ल्यू, ए, टी, ई, आर, एन, जी, एल, वाय. डब्ल्यूवायसाठी याहून बरं उत्तर असूच नये.

शब्द ओळखीचा आहे की नाही, हे स्क्रिप्टला कसं कळणार? त्यासाठी संगणकतज्ज्ञ पीटर नॉर्विगची यादी घेतली. गूगलने २००६ साली वेबवरच्या लाख कोटी शब्दांची मोजदाद दिली होती, त्यातले सर्वाधिक येणारे ३,३३,३३३ शब्द आणि त्यांचे आकडे नॉर्विगने फाइलमध्ये दिलेत. ती यादी एकटी वापरायची सोय नाही, आडनावं, कंपन्यांची नावं, टायपिंगच्या चुका असं सगळं तिच्यात आहे. पण एनेबलशी ताडून पाहिली की कचरा आपोआप गळतो : शब्द एनेबलने खरा ठरवायचा, ओळखीचा आहे की नाही ते नॉर्विगने. वरच्या लाखातला असेल तर ओळखीचा धरते. हा आकडा माझ्या मनाचा आहे, खेळून बदलेन.

आता प्रत्येक खणात तीन शब्द : सगळ्यात लांब, ओळखीच्यातला सगळ्यात लांब, आणि सगळ्यात छोटा. छोटा ही मनूची मागणी. तिचं म्हणणं, लांब शब्द कुणीही फुगवेल. जीवायसाठी छोटा शब्द 'महॉगनी' निघाला, तेव्हा तिचं म्हणणं मान्य करावं लागलं.

२६ एप्रिल

क्यू.

या अक्षराची भीती पहिल्या दिवसापासून होती. एम, मग एच, मग क्यू. जुन्या यादीत कामाचा एकही शब्द हाती लागला नव्हता. एनेबलमध्ये कामाचे दोन मिळाले, दोन्ही बारा अक्षरांचे.

पहिला 'सिनेमाथेक'. सी-आय-एन-ई-एम-ए-टी-एच-ई-क्यू-यू-ई. जुने चित्रपट जपून ठेवायची आणि दाखवायची जागा. पॅरिसची १९३६ साली सुरू झालेली सिनेमाथेक प्रसिद्ध आहे. आपल्याकडे त्याच जातीचं काम लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून करतंय. मनूच्या बाबांनी तिथे कॉलेजात असताना भरपूर वेळ घालवलेला आहे, त्यामुळे वाक्यात वापरायचा प्रश्न सुटला. ईक्यू, क्यूयू, क्यूई हे खण याने भरले.

दुसरा 'मेथाक्वालोन'. एम-ई-टी-एच-ए-क्यू-यू-ए-एल-ओ-एन-ई. एक्यू, क्यूए, क्यूएल, क्यूएन या सगळ्यांचा एकमेव आधार. हे गुंगीचं औषध आहे, आणि ते प्रथम भारतात तयार झालं. इंद्रकिशोर कक्कर आणि सय्यद हुसेन झहीर १९५१ साली मलेरियावरच्या औषधाच्या शोधात होते, त्यात हे संयुग हाती आलं. पुढे परदेशात झोपेच्या गोळ्या म्हणून विकलं गेलं, मँड्रॅक्स त्यातलंच. मग लोक नशेसाठी घ्यायला लागले आणि बंदी आली. आपल्याकडच्या अमली पदार्थांच्या कायद्यातही त्याचं नाव आहे.

१९३४च्या कोशात हा शब्द कसा असेल? वस्तूच सतरा वर्षांनी जन्मली. फुकटची यादी किती जुनी आहे, हे मला या एका शब्दाने जितकं कळलं तितकं कशाने कळलं नव्हतं.

सातवीतल्या मुलीच्या खेळात नशेचं औषध ठेवायचं का, यावर घरात दोन मतं. अण्णांचं मत : ठेवा, मलेरियापासून सुरू करून गोष्ट सांगता येते. मनूच्या बाबांचं मत : टोलनाक्यावर काच खाली असताना ती हा शब्द ओरडणार. ठेवला आहे. त्याच्यापुढे एक खूण केली, म्हणजे पडद्यावर अर्थही येईल.

३ मे

रस्त्यावरची चाचणी. पुणे ते सातारा, सुट्ट्यांची गर्दी, खंबाटकीच्या पायथ्याला गाड्यांची रांग. कोण जास्त खूश होतं ते लिहायला नको.

बीएक्स : अण्णांनी फोन उघडायच्या आत 'मॅचबॉक्स' म्हटलं. फोनने 'मॅचबॉक्सेस' दाखवलं, दोन अक्षरं जास्त. अण्णा चिडले, आणि बरोबर चिडले. एनेबलमध्ये अनेकवचनं असल्यामुळे सगळ्यात लांब शब्दाच्या शेवटी एस लटकलेलाच असतो. ठरलं : मूळ रूप यादीत असेल तर अनेकवचन बाद. भूतकाळाची रूपं राहू द्यायची, नाहीतर डीडी जाईल.

आरजे : मनूचा 'महाराजा'. जेचे खण मुख्यत्वे महाराजा आणि 'माहजाँग' यांनीच धरून ठेवलेत. जेएन आणि जेजी चिनी खेळाकडे, आरजे आणि जेए आपल्याकडे. टीएमला 'महात्मा', आरएनला 'महाराणी', यूटीला 'माहूत'. महाराष्ट्राच्या प्लेटला अडचणीत हे मदतीला येतात, आणि विशेष म्हणजे वाक्यात वापरून दाखव म्हणायची गरज पडत नाही.

डब्ल्यूके : मनू 'मोहॉक', अण्णा 'मेशवर्क'. सहा विरुद्ध आठ. व्हीएस : 'मिस्चिव्हस', दोघांनी एकदम. ती गाडीही तशीच चालली होती. एमकेला अण्णांनी 'मॅचमेकर' म्हटलं आणि मग माझ्या लग्नाच्या वेळच्या मध्यस्थांवर दहा मिनिटं गेली.

फोनचं काम : तक्ता लगेच उघडतो, घाटात काही अडत नाही. अक्षरं टाइप करताना गाडी पुढे निघून जाते, म्हणून बटणं मोठी केली.

११ मे

गोव्याला जायचं घाटतंय, तर जीए. स्क्रिप्टमधली सुरुवातीची दोन अक्षरं बदलली आणि पुन्हा चालवली. जी आणि त्यानंतर ए ही अट एमएचपेक्षा फारच दयाळू आहे, 'ग्रा' आणि 'गार'ने सुरू होणारे शब्द पायलीला पन्नास. क्यूसुद्धा सहज : 'ग्रँडिलोक्वंट', मोठमोठे शब्द वापरून फुशारकीने बोलणारा. एनक्यू, डीक्यू, एलक्यू, क्यूटी सगळं एका दमात. अण्णांना हा शब्द इतका आवडला की गोव्याची गाडी दिसायची वाट न बघता ते तो मनूसाठी वापरायला लागलेत.

जीएवर अजून काही करायची गरज दिसत नाही.

१७ मे

राहिलेलं.

जेक्यू, क्यूएक्स, जेएक्स, झेडएक्स असे खण रिकामे आहेत आणि रिकामेच राहणार. असा शब्द भेटला तर मीच कोशवाल्यांना पत्र लिहीन. अशी प्लेट दिसली तर पहिल्यांदा बघणाऱ्याला दहा गुण, असा नियम मनूने परस्पर करून टाकलाय.

एक्सच्या खणांत 'मेथॉक्सी' आणि त्याचे भाऊबंद भरलेत, त्यातला 'मेथॉक्सिक्लोर' हे कीटकनाशक. वाक्यात वापरता येतो, पण मजा नाही. एक्सला मॅचबॉक्ससारखा आणखी एखादा साधा शब्द हवा आहे, शोध चालू.

बीएच मालिका. बदलीच्या नोकऱ्या असणाऱ्यांसाठी २०२१ साली सुरू झालेली, आधी वर्ष, मग बीएच, मग चार आकडे, आणि अक्षरं शेवटी. तिच्यासाठी वेगळा तक्ता आज भरला. इथे एचनंतर एम आलेला चालतो, म्हणून एमएचने दाराबाहेर ठेवलेली मंडळी आत आली : 'बायोकेमिस्ट्री' एमवायला, एमटीला, एसआरला. आणि चाळता चाळता दिसलं की अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझमसुद्धा बसतो. 'एस्टॅब्लिश'मधला बी, मग एच, आणि पुढे शेपटीत एम, ई, एन, टी, ए, आर असं करत शेवटचा एम. बीएच आणि शेवटी एमएम असलेली गाडी दिसली की अठ्ठावीस गुण.

अण्णांनी पंधराची मर्यादा दाखवून तो फेटाळला. मनूचं म्हणणं, मर्यादा एमएचसाठी ठरली होती, बीएचसाठी नाही. पुढच्या खेपेला मतदान आहे; मनूचे बाबा गाडी चालवत असतात म्हणून त्यांना मत नाही, असं दोघांचंही एकमत.